गाडगं, चिंध्या आणि खराटा

‘रिड्यूस, रियूज, रिसायकल’ हे तीन शब्द मी कॉन्व्हेंटमध्ये पाठ केले होते. पेपरात लिहिले, मार्क मिळाले, संपलं. हे तिन्ही शब्द प्रत्यक्ष जगलेला माणूस आपल्याच महाराष्ट्रात होऊन गेला आणि त्याला तर शाळासुद्धा मिळाली नव्हती!

डेबूजी झिंगराजी जाणोरकर, म्हणजे आपले संत गाडगेबाबा. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव, घर परटाचं. वडील दारूपायी लवकर गेले. आई सखूबाई पोराला घेऊन माहेरी दापुऱ्याला आली. मामाची गुरं राखत, शेतात राबत डेबू मोठा झाला. लग्न झालं, मुलं झाली. सावकारी आणि दारू घरं कशी खाते हे त्यानं जवळून पाहिलं होतं. १९०५ मध्ये तो घर सोडून बाहेर पडला.

आता त्यांच्या अंगावर काय होतं बघा. चिंध्या जोडून शिवलेला अंगरखा, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच आणि जवळ एक फुटकं गाडगं. जेवायचं त्यातच, पाणी प्यायचं त्यातच, ऊन लागलं की तेच डोक्यावर! एका टाकाऊ वस्तूचे तीन उपयोग. आपल्या डिझाईनच्या सरांनी फुल मार्क दिले असते. लोक त्यांना चिंधेबुवा, गोधडेबुवाही म्हणत. आपल्या बीडकडे घरोघरी जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवतात, त्यामुळे हे नाव मला फार जवळचं वाटतं. (होस्टेलच्या थंडीत ब्लँकेटपेक्षा तीच भारी!)

पण तेवढंच असतं तर बाबा नुसते काटकसरी ठरले असते. गावात शिरले की आधी खराटा हातात. रस्ते, गटारं, उकिरडे. अनोळखी गावात लोकांना वाटायचं, कुणी वेडा आलाय. दिवसभर गाव झाडायचं आणि रात्री कीर्तन. वऱ्हाडी बोलीत लोकांनाच प्रश्न विचारत जायचे, कर्ज काढून केलेल्या सणांवर, देवापुढे कापलेल्या बोकडावर, शिवाशिवीवर.

मला यात मोठं वाटतं ते वेगळंच. घाण काढणं हे त्या काळी जातीनं वाटून दिलेलं काम होतं. ज्याच्या पाया पडायला गर्दी व्हायची, तोच माणूस गटार उपसायला लागल्यावर बाकीच्यांना काठावर उभं राहणं अवघड जायचं. आपण मात्र मेसच्या ताटात अर्धी भाकरी टाकून उठतो, आणि ती उचलणाऱ्या मावशींचं नाव किती जणांना माहीत आहे?

२००० साली सरकारनं त्यांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं. अनेक गावं खरंच बदलली. काही ठिकाणी खराटा फोटोपुरताच निघाला, हेही खरं.

लोकांनी दिलेल्या पैशातून बाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, मुंबई इथे धर्मशाळा बांधल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. त्यानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ गाडगेबाबांनीही प्राण सोडला. एवढ्या इमारती उभ्या केल्या, पण त्यातली एक खोलीसुद्धा त्यांनी स्वतःच्या नावावर ठेवली नव्हती.