बांडगुळांचे कुळ शोधणारे डॉ. पंचानन माहेश्वरी



वलसाडकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आमराया लागतात. एखाद्या जुन्या आंब्याकडे नीट पाहिले तर फांदीवर मध्येच एक वेगळाच झुपका दिसतो. पाने आंब्याची नाहीत आणि फुले नळीसारखी, नारिंगी लाल. हे बांडगूळ. गुजरातीत ह्याला वांदो म्हणतात, हिंदीत बांदा. आपल्या मराठीत तर दुसऱ्याच्या जिवावर जगणाऱ्या माणसालाही आपण बांडगूळच म्हणतो. फुलटोच्या नावाचा चिमुकला पक्षी त्याची फळे खातो, चिकट बी दुसऱ्या फांदीला पुसून टाकतो आणि तेथे नवे बांडगूळ उगवते. त्याची मुळे जमिनीत न जाता फांदीच्या आत शिरतात व झाडाचे पाणी आणि क्षार ओढून घेतात. पाने हिरवी असल्याने अन्न मात्र ते बरेचसे स्वतः तयार करते. शेतकरी ते कापून फेकतो आणि ते योग्यच आहे.

ह्या फेकून देण्याच्या वनस्पतीची फुले ज्यांच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे जपून कापली व तपासली गेली, त्या शास्त्रज्ञाची ओळख आम्ही ह्या अंकात करून देत आहोत. त्यांचे नाव डॉ. पंचानन माहेश्वरी. सुरतेच्या कापड बाजारात माहेश्वरी हे आडनाव नवे नाही. हे माहेश्वरी मात्र कापडाचे नव्हे, फुलांचे धागे उलगडणारे होते. आम्ही स्वतः हिंदी माध्यमातून पदवी घेतली आणि तेव्हा वनस्पतिशास्त्राचा भ्रूणविज्ञानाचा भाग आला की त्यांचे नाव येई. मराठी मुलांना ते फारसे ठाऊक नाही, याचे आम्हाला नेहमी नवल वाटते.

त्यांचा जन्म 9 नोव्हेंबर 1904 रोजी जयपूर येथे झाला. उच्च शिक्षणासाठी ते अलाहाबादला गेले. तेथील युइंग ख्रिश्चन कॉलेजात विनफिल्ड डजियन नावाचे अमेरिकन मिशनरी प्राध्यापक वनस्पतिशास्त्र शिकवीत. विद्यार्थ्यांना घेऊन रानोमाळ हिंडावे, झाडे गोळा करावी, परत येऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी, अशी त्यांची शिकवण्याची रीत होती. माहेश्वरी ह्या गुरूंच्या हाताखाली घडले. 1927 साली ते एम.एस्सी. झाले आणि 1931 साली अलाहाबाद विद्यापीठाने त्यांना डी.एस्सी. दिली. असे सांगतात की, आपण गुरूंचे ऋण कसे फेडावे असे त्यांनी एकदा विचारले. तेव्हा डजियन साहेबांनी सांगितले की मी तुझ्यासाठी जे केले ते तू तुझ्या विद्यार्थ्यांसाठी कर. पुढची 35 वर्षे माहेश्वरींनी जे केले ते पाहता ही गोष्ट खरी वाटते.

आग्रा कॉलेजात ते शिकवू लागले. मग थोडा काळ अलाहाबाद आणि लखनौ, आणि 1939 पासून ढाका विद्यापीठ. ढाक्याला त्यांनी दहा वर्षे काढली. फाळणी झाली, ढाका पूर्व पाकिस्तानात गेले आणि 1949 साली दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू सर मॉरिस ग्वायर यांच्या बोलावण्यावरून ते दिल्लीस वनस्पतिशास्त्र विभागाचे प्रमुख म्हणून आले. दुसऱ्याच वर्षी, 1950 मध्ये, सपुष्प वनस्पतींच्या भ्रूणविज्ञानावरील त्यांचे इंग्रजी पुस्तक अमेरिकेत प्रसिद्ध झाले आणि ते जगभरच्या विद्यापीठांत वाचले गेले. 1951 मध्ये त्यांनी वनस्पतींच्या रचनेचा अभ्यास करणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संस्था दिल्लीत स्थापन केली आणि तिचे ‘फायटोमॉर्फॉलॉजी’ हे नियतकालिक सुरू केले.

आता बांडगुळांकडे वळू. त्यासाठी आधी कुळ म्हणजे काय ते समजून घ्यावे लागेल.

वनस्पतिशास्त्रात एकमेकांच्या नात्यातल्या वनस्पतींना एका कुळात ठेवतात. हे नाते कसे ओळखायचे, हाच खरा प्रश्न. आपल्यातलेच उदाहरण घ्या. उधन्यात, लिंबायतमध्ये खानदेशातून आलेली कितीतरी पाटील मंडळी आहेत. पाटील हे आडनाव कामावरून पडलेले, गावाची पाटीलकी ज्यांच्याकडे ते पाटील. म्हणून दोन पाटील एकाच घराण्याचे असतीलच असे नाही. खरे नाते पाहायचे तर कुलवृत्तांत उघडावा लागतो. बांडगूळ हेही असेच कामावरून पडलेले नाव आहे. झाडावर बसून झाडाचे पाणी पिणारे ते बांडगूळ. जुन्या शास्त्रज्ञांनी त्या सगळ्यांना एका कुळात बसवले होते.

त्या कुळाचे नाव लोरँथेसी. त्यात दोन गट होते. एका गटात आपल्या आंब्यावरची मोठ्या रंगीत फुलांची बांडगुळे. दुसऱ्या गटात व्हिस्कम आणि त्याचे सोबती, ज्यांची फुले बारीक, सहज नजरेस न येणारी, आणि काहींना तर पानेच जवळजवळ नसतात, नुसत्या सांध्यासांध्यांच्या हिरव्या काड्या. 19व्या शतकात जॉन मायर्ससारख्या एखाद्याने ही दोन कुळे वेगळी आहेत असे म्हटले होते, पण बेंथम आणि हुकर यांच्या वर्गीकरणात ती एकत्रच राहिली आणि भारतभर तेच वर्गीकरण चालत होते. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांनी 1901 ते 1908 ह्या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ लिहिला. आपले सुरतही त्या इलाख्यातच होते. त्या ग्रंथातही दोन्ही गट एकाच कुळाखाली आहेत.

माहेश्वरींचे म्हणणे असे की पाने, फुले, सवयी ह्या वरच्या गोष्टी परिस्थितीप्रमाणे लवकर बदलतात. बीज तयार होताना फुलाच्या आत जे घडते ते सहसा बदलत नाही. तेव्हा नाते पाहायचे तर तेथे पाहावे. परजीवी वनस्पतींच्या बाबतीत तर हे फारच पटण्यासारखे आहे, कारण फुकटचे पाणी मिळू लागले की मुळे, पाने, खोड सगळेच बदलून जाते.

पण आत पाहायचे म्हणजे काय, याची कल्पना करा. फुलाची कळी मेणात बसवायची. मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर तिचे केसाहून पातळ काप काढायचे, एकही काप न हरवता ओळीने काचेवर लावायचे, रंग द्यायचा आणि मग एकेक काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. कळीच्या प्रत्येक वयाचे असे काप हवेत. एका जातीसाठीसुद्धा असे कितीतरी काप तपासावे लागतात. हे काम माहेश्वरी, त्यांचे सहकारी ब्रिजमोहन जोहरी आणि विद्यार्थ्यांनी केले. 1957 साली ‘फायटोमॉर्फॉलॉजी’त बांडगुळांवरील त्यांच्या प्रयोगशाळेची निबंधमाला सुरू झाली, तिच्या पहिल्या निबंधाची वनस्पती होती हेलिकँथिस इलॅस्टिका. ही पश्चिम घाटाच्या पट्ट्यातच सापडणारी जाती, कोकण-गोव्यात आंब्यावर वाढणारी. म्हणजे दिल्लीच्या त्या कामाची सुरुवात आपल्याच सह्याद्रीच्या बांडगुळापासून झाली.

आत जे दिसले ते विलक्षण होते. साधारण फुलात अंडाशयात बीजांडे असतात, बीजांडात भ्रूणकोष असतो आणि परागनलिका कुक्षीवृंतातून खाली उतरून तेथे पोहोचते. आंब्यावरच्या बांडगुळाच्या गटात मात्र वेगळे असे बीजांडच नसते. अंडाशयाच्या तळाशी एकाच वेळी अनेक भ्रूणकोष तयार होतात आणि ते स्वतःच कुक्षीवृंतात वर चढत जातात. काही प्रजातींत थोडेसे, तर काहींत पार कुक्षीपर्यंत. पाहुणा यायच्या आधीच यजमान जिना चढून दारात उभा राहावा तसे! फलन वर कुक्षीवृंतातच होते, आणि मग वर जन्मलेले भ्रूण लांब धाग्यासारख्या पेशींच्या आधाराने परत खाली अंडाशयात उतरतात. अनेक भ्रूण निघतात, पण शेवटी बहुधा एकच टिकतो. सगळ्या भ्रूणकोषांचा भ्रूणपोष एकत्र मिसळून एक होतो.

व्हिस्कमच्या गटात मात्र गोष्ट वेगळी आहे. भ्रूणकोष अंडाशय सोडून कधी कुक्षीवृंतात चढत नाही आणि तो तयार होण्याची पद्धतही निराळी आहे. एका गटात तो एका बीजाणूपासून होतो, दुसऱ्यात दोन बीजाणूंपासून. परागकण पाहावे तर पहिल्या गटात तीन कोपऱ्यांचे आणि दुसऱ्यात गोल. पाकळ्यांच्या खाली पहिल्या गटात एक बारीक कडा असते, दुसऱ्यात नाही. इतकेच काय, बी फांदीला चिकटवणारा जो डिंकासारखा थर, तोसुद्धा एका गटात फळातल्या वाहिन्यांच्या बाहेर असतो व दुसऱ्यात आत. सारख्या कामासाठी दोन घराण्यांनी दोन निराळ्या जागी केलेली सोय!

माहेश्वरी, जोहरी व दीक्षित यांचा 1957 चा निबंध आणि त्यानंतरच्या लेखनातून दिल्लीच्या ह्या मंडळींनी म्हणणे मांडले की ही दोन स्वतंत्र कुळे मानावीत, लोरँथेसी आणि व्हिस्केसी. 1964 साली ऑस्ट्रेलियाच्या ब्रायन बार्लो यांनीही गुणसूत्रांचा पुरावा विचारात घेऊन दोन कुळे वेगळी मानली. तरीही ही सारी अनुमानेच होती. बाहेरची लक्षणे फसवतात, हे माहेश्वरींनीच सांगितले होते. मग आतली फसवत नाहीत कशावरून, असे कोणीही विचारू शकत होते, आणि त्याचे उत्तर द्यायला त्या काळी दुसरे साधन नव्हते.

दरम्यान दिल्लीत इतर कामे चालूच होती. 1962 मध्ये कु. कांता, एन. एस. रंगस्वामी व माहेश्वरी यांनी अफूच्या बीजांडांचे काचेच्या नळीत फलन घडवून आणले. 1964 मध्ये त्याच विभागात शिप्रा गुहा आणि पंचाननजींचे पुत्र सतीशचंद्र माहेश्वरी यांनी धोतऱ्याच्या परागकोषांपासून रोपे मिळवली, जी आज जगभर पिकांच्या नव्या जाती काढण्याची एक रीत झाली आहे. आणि आम्हा शिक्षकांना विशेष वाटते ते हे की, इतक्या मोठ्या माणसाने एन.सी.ई.आर.टी.च्या उच्च माध्यमिक जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाचे काम अंगावर घेतले. शाळेचे पुस्तक हे कमी प्रतीचे काम आहे असे त्यांना वाटले नाही. 1965 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना फेलो निवडले. 18 मे 1966 रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. वय अवघे 61.

बांडगुळांचा कुलवृत्तांत उघडला तो त्यानंतर. प्रत्येक सजीवाच्या पेशीत डी.एन.ए. असते आणि त्यात चार अक्षरांत लिहिलेला लांबलचक मजकूर असतो. पिढ्यान् पिढ्या तो उतरवून घेताना अधूनमधून एखादे अक्षर बदलते. दोन वनस्पतींच्या एकाच जनुकाचा मजकूर शेजारी ठेवला आणि बदल मोजले की त्यांचे नाते जवळचे की लांबचे ते कळते. अमेरिकेतील डॅनियल निक्रेंट यांनी परजीवी वनस्पतींसाठी हे काम हाती घेतले आणि 1990 साली चंदनाच्या गणातील वनस्पतींचे नाते जनुकांवरून मांडायला सुरुवात केली. पुढे अधिक जनुके, अधिक जाती आल्या. निष्कर्ष स्पष्ट निघाला. लोरँथेसी वेगळे, व्हिस्केसी वेगळे. माहेश्वरींच्या स्लाइडवर जे दिसले होते तेच डी.एन.ए.त लिहिलेले होते.

पण जनुकांनी आणखीही एक गोष्ट सांगितली, जी काचेवर दिसली नव्हती. व्हिस्कमचे जवळचे नाते चंदनाशी निघाले! चंदनही परजीवीच आहे बरे का. त्याची मुळे जमिनीखाली शेजारच्या झाडांच्या मुळांना चिकटतात, म्हणून तर चंदन लावणारे शेतकरी रोपाजवळ तूर लावतात. देवाच्या कपाळी जाणारे चंदन व फांदीवरून कापून टाकायचे व्हिस्कम हे भाऊबंद आहेत, आणि दोन बांडगुळे मात्र एकमेकांची दूरची. 2008 मध्ये रोमिना विदाल-रसेल व निक्रेंट यांनी दाखवले की ह्या गणात झाडावर चढून राहण्याची सवय निरनिराळ्या घराण्यांत स्वतंत्रपणे पाच वेळा आली.

इतर परजीवींनाही जनुकांनी असेच हलवले. पिवळ्या दोऱ्यांची अमरवेल स्वतंत्र कुळ होती, ती रताळ्याच्या कुळात गेली. ज्वारीचा सत्यानाश करणारा टारफुलाही आपले जुने कुळ सोडून दुसऱ्या परजीवींच्या कुळात गेला. समुद्रकाठची आकाशवेल दिसायला हुबेहूब अमरवेलीसारखी, पण ती दालचिनीच्या कुळातली आहे, हे मात्र शास्त्रज्ञ तिच्या फुलांवरून आधीपासूनच ओळखून होते.

वाद अगदी मिटलेला नाही. 2010 साली निक्रेंट आणि सहकाऱ्यांनी ह्या गणाची नवी मांडणी केली तीत व्हिस्केसी हे स्वतंत्र कुळ आहे. जगभरच्या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या ए.पी.जी. गटाच्या 2016 च्या मांडणीत मात्र व्हिस्कमला चंदनाच्याच कुळात, सँटॅलेसीत, घातले आहे. म्हणजे माहेश्वरींनी उचलून धरलेले व्हिस्केसी हे नाव एका यादीत आहे आणि दुसरीत नाही. आंब्यावरचे बांडगूळ व व्हिस्कम एकाच कुळात मात्र आता ह्या दोन्हींपैकी कोणत्याच यादीत सापडत नाहीत.