जेम्स पार्किन्सन: स्कॅन नव्हते तेव्हाचे फॅमिली डॉक्टर

मुलुंडला माझ्या दवाखान्यात हात थरथरणारे आजोबा आले, की सोबतचा मुलगा किंवा सून बहुतेक वेळा एकच गोष्ट विचारतात: मेंदूचा स्कॅन केला की पार्किन्सनच आहे का ते नक्की कळेल ना? या आजाराला ज्यांचं नाव मिळालं, त्या डॉक्टरांची गोष्ट आधी ऐका.

जेम्स पार्किन्सन यांचा जन्म ११ एप्रिल १७५५ रोजी हॉक्स्टनला झाला. तेव्हा ते लंडनच्या वेशीवरचं गाव होतं, आपल्या मुलुंड-बोरिवलीसारखं हळूहळू शहरात मिसळत गेलेलं. वडील तिथेच डॉक्टरकी करत. मुलानेही आयुष्यभर तिथेच रुग्ण पाहिले. माणूस गप्प बसणारा मात्र नव्हता. टोपणनावाने सरकारविरोधी पत्रकं लिहिली. १७९४ मध्ये राजाला मारण्याच्या कथित कटाच्या चौकशीत त्यांनाही बोलावलं गेलं. जीवाश्मांवर तीन खंड लिहिले, आणि सामान्य कुटुंबांना समजतील अशी आरोग्याची पुस्तकंही.

१८१७ मध्ये, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, त्यांनी कंपवातावर ६६ पानांचं छोटंसं पुस्तक काढलं. त्यात रुग्ण फक्त सहा. त्यातले तिघे तर रस्त्यावर दिसलेले, एक अगदी दुरूनच. हात स्वस्थ ठेवलेला असताना येणारा कंप, पुढे झुकलेलं अंग, चालता चालता पळू लागणारी पावलं, हे सगळं त्यांनी नुसत्या डोळ्यांनी टिपलं. इतर कारणांनी येणाऱ्या कंपापेक्षा हा आजार वेगळा आहे, हेही मांडलं. बिघाड नेमका कुठे, हा अंदाज मात्र चुकला. त्यांना तो मानेतल्या मज्जारज्जूत वाटला. शवविच्छेदनाचा पुरावा आपल्याकडे नाही, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केलं होतं. २१ डिसेंबर १८२४ रोजी पक्षाघाताने ते गेले. त्यांचं खात्रीचं एकही चित्र उपलब्ध नाही. आजाराला त्यांचं नाव पुढे शार्को या फ्रेंच डॉक्टरांनी दिलं, आणि मेंदूतल्या नेमक्या काळसर भागाकडे १९१९ मध्ये त्रेत्याकोफ यांनी बोट दाखवलं.

आता स्कॅनचं. साध्या पार्किन्सनमध्ये नेहमीचा एमआरआय बहुधा नॉर्मल येतो. म्हणून आजार नाही असं होत नाही. एमआरआयचा उपयोग सारखे दिसणारे दुसरे आजार शोधायला होतो: छोटे छोटे स्ट्रोक, मेंदूत साठलेलं पाणी (यावर ऑपरेशनने फायदा होऊ शकतो), किंवा पीएसपी. पीएसपीमध्ये रुग्ण सुरुवातीलाच वारंवार पडतो, नजर वर-खाली नीट फिरत नाही, आणि एमआरआयमध्ये मेंदूचा मधला भाग आक्रसलेला दिसू शकतो. मुंबईत ट्रोडॅट नावाचा स्कॅनही होतो. तो डोपामिन बनवणाऱ्या पेशींची स्थिती दाखवतो. पार्किन्सनमध्ये तो बिघडलेला येतो, पण पीएसपीमध्येही बिघडलेलाच येतो, त्यामुळे या दोघांतला फरक तो सांगू शकत नाही. साधा आनुवंशिक कंप किंवा औषधांमुळे आलेला कंप असेल, तर तो सहसा नॉर्मल असतो.

हा औषधांचा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो घरच्या पिशवीत सापडतो. चक्कर येते म्हणून महिनोन्‌महिने चालू राहिलेली सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिन, उलटीसाठीची मेटोक्लोप्रमाइड, मानसिक आजारांवरची काही औषधं, यांनी हुबेहूब पार्किन्सनसारखं चित्र तयार होतं. औषध बंद केल्यावर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बरेच जण सुधारतात. स्वतःहून मात्र काहीही बंद करू नका, विशेषतः मानसिक आजाराचं औषध.

न्यूरॉलॉजिस्टकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप्स न्या, केमिस्टकडून चिठ्ठीशिवाय आणलेल्याही. मोबाइलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ घ्या: खुर्चीतून उठणं, चालणं, वळणं, आणि हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसणं. स्कॅन लागेल का आणि कोणता, हे त्यानंतर त्यांना ठरवू द्या.