चूक पोटात घालणारे सेनापती

१९४२ साली जपानने ब्रह्मदेश घेतला आणि आपल्या मॉरिशसला येणारा तिकडचा तांदूळ बंद झाला. घरोघरी भाताच्या जागी मन्योक, मका व रताळी आली. ही हकीकत आम्ही वडीलधाऱ्यांकडून पुष्कळदा ऐकली आहे. त्याच वर्षी दूर प्रशांत महासागरात, एका चिमुकल्या बेटाजवळ जपानची आगेकूच अडली. ती अडविणारे अमेरिकेचे ॲडमिरल चेस्टर निमिट्झ यांचा परिचय आज आम्ही करून देत आहोत.

निमिट्झ यांचा जन्म २४ फेब्रुवारी १८८५ रोजी टेक्सास राज्यातील फ्रेडरिक्सबर्ग या गावी, जर्मन वंशाच्या कुटुंबात झाला. वडील त्यांच्या जन्मापूर्वीच वारले होते. पूर्वी खलाशी असलेल्या आजोबांच्या गोष्टी ऐकत ते वाढले. १९०५ साली ॲनापोलिसच्या नौदल विद्यालयातून ते उत्तम रीतीने उत्तीर्ण झाले.

पुढे १९०८ साली फिलिपाईन्समध्ये त्यांच्या हाताखालची डेकाटूर ही विनाशिका गाळात रुतली. जहाजाची जागा नीट न मोजता त्यांनी अंदाजावर भागविले होते. त्यांना लष्करी न्यायालयापुढे उभे राहावे लागले, ठपकाही बसला. पण नोकरी राहिली.

७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर अचानक हल्ला केला. दोन हजार चारशेच्या वर माणसे मेली. त्या महिनाअखेरीस निमिट्झ यांनी तेथील आरमाराची सूत्रे हाती घेतली. आता आपली उचलबांगडी होणार, असे जुन्या अधिकाऱ्यांना वाटत होते. निमिट्झ यांनी मात्र त्यांना आपापल्या कामावर कायम ठेवले. गुप्तवार्ता सांभाळणारे लेटन हे त्यांतलेच एक.

या विश्वासाचे फळ लवकरच मिळाले. जपानी संदेशांत हल्ल्याच्या ठिकाणाचे सांकेतिक नाव येत होते. ते मिडवे बेट असावे, असा रोशफोर्ट यांच्या पथकाचा तर्क होता. खात्रीसाठी मिडवेवर गोड्या पाण्याची टंचाई असल्याचा खोटा संदेश मुद्दाम उघड भाषेत पाठविला गेला. थोड्याच वेळात जपानी संदेशात त्याच सांकेतिक ठिकाणी पाणी कमी असल्याची बातमी आली! वॉशिंग्टनमध्ये शंका घेणारे होते. निमिट्झ यांनी आपल्या माणसांवर भरवसा ठेवला. दुरुस्तीला महिने लागतील असे वाटलेले यॉर्कटाऊन हे विमानवाहू जहाज त्यांनी तीन दिवसांत पुन्हा समुद्रात धाडले.

४ जून १९४२ रोजी लढाई जुंपली. जपानची चार विमानवाहू जहाजे नष्ट झाली. अमेरिकेने यॉर्कटाऊन गमावले. जपानचे सुमारे तीन हजार, तर अमेरिकेचे ३०७ लोक मृत्यू पावले. युद्धाचे पारडे येथून फिरले. २ सप्टेंबर १९४५ रोजी जपानच्या शरणागतीपत्रावर अमेरिकेतर्फे निमिट्झ यांनीच सही केली.

१९४९ साली काश्मीरमधील सार्वमतासाठी प्रशासक म्हणून त्यांची नेमणूक झाली, पण ते सार्वमत झालेच नाही. तरुणपणी जपानमध्ये त्यांनी ॲडमिरल टोगो यांना पाहिले होते. युद्धानंतर टोगोंचे मिकासा हे जहाज मोडकळीस आले, तेव्हा त्याच्या जीर्णोद्धाराला या जुन्या शत्रूने हातभार लावला. २० फेब्रुवारी १९६६ रोजी ते निवर्तले.

गाळात जहाज रुतविणाऱ्या त्या तरुणाला १९०८ सालीच घरी पाठविले असते तर? हा प्रश्न आम्ही मुलांना विचारतो आणि वह्या तपासताना स्वतःलाही.