विश्लेषण : सामना बसून बघायचा की उभे राहून? शाहू महाराजांनी 1912 मध्येच दिलेले उत्तर

फुटबॉलच्या मैदानावर प्रेक्षकांनी बसावे की उभे राहावे, हा वाद जगात शंभर वर्षांहून अधिक काळ सुरू आहे. या वादात शेकडो जीव गेले, कायदे बदलले, मैदाने पाडून नव्याने बांधली गेली. महाराष्ट्रात मात्र एका राजाने कुस्तीसाठी मैदान बांधताना हा प्रश्न फार लवकर ओळखला होता. ते राजे म्हणजे राजर्षी शाहू महाराज आणि ते मैदान म्हणजे कोल्हापूरचे खासबाग. या मैदानाची आणि ते बांधणाऱ्या माणसाची ही गोष्ट.

प्रश्न नेमका काय आहे?

आपल्याकडच्या कोणत्याही यात्रेतली दंगल आठवा. बुलढाणा जिल्ह्यात असो की सांगलीत, चित्र सारखेच. सपाट जागेत आखाडा, पुढच्या दोन-चार रांगा मांडी घालून बसलेल्या, त्यांच्या मागे उभ्या माणसांची भिंत. उशिरा आलेला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर, भिंतीवर, नाहीतर लिंबाच्या फांदीवर. कुस्ती रंगात आली, की पुढचा एक जण उठतो. मग त्याच्या मागचा उठतो. क्षणात सगळेच उभे, आणि लहान मुले व म्हातारी माणसे यांना फक्त पाठी दिसतात.

याचे कारण शिस्तीचा अभाव एवढेच नाही, ते जमिनीच्या सपाटपणात आहे. माणसाच्या डोळ्यांपासून डोक्याच्या टोकापर्यंतचे अंतर साधारण 12 सेंटीमीटर असते. मागच्याची नजर पुढच्याच्या डोक्यावरून जायची असेल, तर मागची रांग पुरेशी उंच हवी. सपाट जागेवर ते होत नाही. उताराची जागा असेल, तर सगळे बसूनही सगळ्यांना दिसते. म्हणजे बसणे की उभे राहणे, हे प्रेक्षकाच्या मनापेक्षा मैदान कसे बांधले यावर अधिक ठरते.

कागलचा मुलगा छत्रपती कसा झाला?

शाहू महाराजांचा जन्म 26 जून 1874 चा, कागलच्या घाटगे घराण्यातला. मूळ नाव यशवंतराव. आई राधाबाईंचे छत्र ते तीन वर्षांचे होण्याच्या सुमारासच हरपले. कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज यांच्या निधनानंतर राणी आनंदीबाईंनी 17 मार्च 1884 रोजी त्यांना दत्तक घेतले आणि ते शाहू छत्रपती झाले. दोन वर्षांनी वडील आबासाहेब घाटगेही गेले.

राजकोटच्या राजकुमार महाविद्यालयात आणि नंतर धारवाडला फ्रेझर यांच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. 1891 मध्ये बडोद्याच्या खानविलकर घराण्यातील लक्ष्मीबाईंशी विवाह झाला. 2 एप्रिल 1894 रोजी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला, तेव्हा ते अवघे 19 वर्षांचे होते.

शरीराने भक्कम, शिकारीचे आणि घोड्यांचे शौकीन असलेल्या या राजाचा सर्वांत मोठा नाद कुस्तीचा. ते स्वतः तालमीत उतरत. पंजाबातून नामवंत मल्ल त्यांनी कोल्हापुरात आणले, त्यांना खुराक आणि आश्रय दिला, गावोगावच्या पोरांना त्यांच्याकडे शिकायला बसवले. कोल्हापूरला आज कुस्तीची पंढरी म्हणतात, त्याचा पाया हा आहे.

1902 साली काय घडले?

हे वर्ष या कथेत दोन कारणांनी महत्त्वाचे आहे.

पहिली घटना ग्लासगोची. 5 एप्रिल 1902 रोजी तिथल्या आयब्रॉक्स मैदानावर स्कॉटलंड आणि इंग्लंड यांचा फुटबॉल सामना सुरू होता. लाकडी फळ्यांच्या उंच मांडणीवर हजारो लोक उभे होते. सामना सुरू असतानाच मांडणीचा एक भाग कोसळला. 25 जणांचा मृत्यू झाला, पाचशेहून अधिक जखमी झाले. हे मैदान आखणारे अभियंते आर्चिबाल्ड लीच यांचा तो मोठा धक्का होता. पुढे ब्रिटनमध्ये उभ्या प्रेक्षकांसाठी लाकडी सांगाड्याऐवजी मातीच्या भरावावर पायऱ्या करण्याची पद्धत रुळली.

दुसरी घटना शाहू महाराजांची. त्याच वर्षी ते सातव्या एडवर्ड राजाच्या राज्यारोहणासाठी इंग्लंडला गेले. समारंभ 26 जूनला व्हायचा होता. राजाच्या आजारपणामुळे तो 9 ऑगस्टला झाला. केंब्रिज विद्यापीठाने महाराजांना सन्माननीय पदवी दिली. याच काळात, 26 जुलै 1902 रोजी, कोल्हापूर संस्थानच्या गॅझेटमध्ये त्यांचा तो प्रसिद्ध हुकूम छापला गेला: रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवण्याचा.

या युरोप दौऱ्यात त्यांनी रोमचे कलोसियम पाहिले. इसवी सन 80 च्या सुमारास पुरे झालेले हे लंबगोल रंगमंडल. चारी बाजूंनी चढत जाणाऱ्या बैठका आणि मध्ये खेळाची जागा. रोमन लोकांनी तिथे बैठकीतही दर्जा पाळला होता. पुढे सरदार, सर्वांत वर स्त्रिया आणि गरीब. पण रचनेचे तत्त्व महाराजांच्या मनात बसले: कुठेही बसा, समोरचे दिसले पाहिजे.

खासबाग मैदान वेगळे का?

परत आल्यावर त्यांनी कोल्हापुरात तसे मैदान बांधायचे ठरवले. 1907 मध्ये सुरू झालेले काम 1912 मध्ये पुरे झाले. मैदानाच्या पहिल्या मोठ्या कुस्तीत गामा पहिलवानांचे बंधू इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन समोरासमोर आले. इमामबक्ष विजयी झाले.

खासबागची वैशिष्ट्ये थोडक्यात अशी:

• मैदान गोल आहे. त्यामुळे आखाड्यापासून प्रत्येक बाजूचे अंतर जवळपास सारखे राहते.

• मध्यभागी लाल मातीचा हौदा आणि त्याच्या भोवती बाहेरच्या बाजूला चढत जाणारा मातीचा उतार, अशी वाटीसारखी रचना.

• लोक मातीच्या उतारावर बसतात. खाली पोकळ लाकडी सांगाडा नाही, त्यामुळे कोसळण्याचा धोका नाही.

• नजर अडवणारे खांब नाहीत. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही डाव कोणता लागला ते कळते.

ग्लासगोच्या अपघातानंतर ब्रिटनने मातीच्या भरावावर विश्वास ठेवला. कोल्हापूरनेही मातीच निवडली. या दोन गोष्टींचा आपसात संबंध होता असे नाही. पण गर्दीचे वजन जमिनीने पेलावे, हे शहाणपण दोन्हीकडे दिसते. फरक एवढाच, की ब्रिटनमध्ये त्या भरावावर लोक उभेच राहिले आणि खासबागेत ते बसले.

शेजारीच महाराजांनी पॅलेस थिएटर उभारले. 1915 मध्ये ते सुरू झाले आणि पुढे गायक नट केशवराव भोसले यांचे नाव त्याला मिळाले. कुस्ती आणि नाटक, दोन्ही शेजारी शेजारी.

बसण्याचा प्रश्न एवढा मोठा का होता?

त्या काळात कोणी बसायचे आणि कोणी उभे राहायचे, हे जात आणि हुद्दा ठरवत असे. शाळेत काही मुले आत बसत, काही दाराबाहेर. कचेरीत काहींना बैठक मिळे, काहींना उंबऱ्याबाहेर हात जोडून उभे राहावे लागे. छत्रपतींनाही हा अनुभव वेगळ्या रूपात आला. 1899 मध्ये पंचगंगेवर स्नानाच्या वेळी त्यांच्यासाठी वेदोक्त मंत्र म्हणण्यास पुरोहिताने नकार दिला. वेदोक्त प्रकरण म्हणून ते पुढे महाराष्ट्रभर गाजले.

त्यानंतरचे त्यांचे निर्णय पाहिले, तर प्रत्येकात कुणाला तरी बसायला जागा करून दिलेली दिसते. 1901 पासून निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे निघाली. 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत झाले; मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. 1919 मध्ये अस्पृश्य मुलांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकत्र बसवण्याचा हुकूम निघाला. विहिरी, दवाखाने, सार्वजनिक इमारती सर्वांना खुल्या झाल्या. गंगाराम कांबळे या दलित तरुणाला त्यांनी हॉटेल काढून दिले आणि स्वतः तिथे थांबून चहा घेतला, म्हणजे सोबतच्या लोकांनाही तो घ्यावा लागे.

खासबागमुळे जातिभेद मिटला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. पण सामान्य माणसाला खेळ नीट दिसावा यासाठी राजाने मैदान खणायला लावले, ही गोष्ट त्याच वृत्तीची आहे.

बुलढाणा जिल्ह्याशी काय संबंध?

शाहू महाराजांचे कार्य कोल्हापूरपुरते राहिले नाही. डिसेंबर 1917 मध्ये अखिल भारतीय मराठा शिक्षण परिषदेचे अधिवेशन खामगावला भरले, त्याचे अध्यक्ष महाराज होते. वऱ्हाडातली कापसाची मोठी बाजारपेठ असलेल्या या गावात त्यांनी शिक्षणाचा आग्रह मांडला. त्याच वर्षी आपल्या संस्थानात त्यांनी सक्तीच्या शिक्षणाचा निर्णय घेतला होता. शिवाय ज्या गादीवर ते बसले, तिचे मूळ जिजाऊंपर्यंत जाते आणि जिजाऊंचे माहेर सिंदखेडराजा याच जिल्ह्यात आहे.

पुढची वर्षे त्यांना कठीण गेली. 1918 मध्ये धाकटे चिरंजीव शिवाजी यांचा शिकारीच्या वेळी अपघाती मृत्यू झाला. तरीही मार्च 1920 मध्ये माणगावच्या परिषदेत त्यांनी तरुण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नेतृत्व जाहीरपणे पुढे आणले. 6 मे 1922 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय फक्त 47.

फुटबॉलचा वाद पुढे कुठे गेला?

ब्रिटनमध्ये उभे राहून सामना बघणे ही कामगार वर्गाची परंपरा झाली. तिकीट स्वस्त आणि माणसे जास्त. तिथल्या सुरक्षा मार्गदर्शिकेनुसार उत्तम स्थितीतल्या जागेत 10 चौरस मीटरला कमाल 47 जण उभे राहू शकतात. बसवायचे तर ही संख्या निम्म्याच्या आसपास येते.

15 एप्रिल 1989 रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर उभ्या प्रेक्षकांच्या जाळीबंद कप्प्यांत प्रमाणाबाहेर गर्दी आत सोडली गेली. त्या चेंगराचेंगरीतील मृतांचा आकडा आज 97 आहे. न्यायमूर्ती टेलर यांच्या अहवालाने पोलिसांच्या गर्दी नियंत्रणातील अपयशावर मुख्य ठपका ठेवला. उभे राहणे मुळातच घातक आहे असे त्यांनी म्हटले नाही, तरी मोठ्या मैदानांवर सर्वांना आसने देण्याची शिफारस केली. 1994 पर्यंत वरच्या श्रेणीतील मैदाने आसनांची झाली. जर्मनीने मात्र उभ्या जागा राखल्या. डॉर्टमुंडच्या दक्षिण बाजूला आजही सुमारे 25 हजार लोक उभे राहतात. 2022 पासून इंग्लंडनेही प्रत्येक रांगेला कठडा असलेल्या सुरक्षित उभ्या जागांना पुन्हा परवानगी दिली.

भारतातही याची किंमत मोजली गेली आहे. 16 ऑगस्ट 1980 रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल सामन्यात हाणामारी आणि चेंगराचेंगरी होऊन 16 प्रेक्षक दगावले. त्याच शहरातील सॉल्ट लेक मैदानात 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकासाठी स्वतंत्र आसने बसवली गेली, तेव्हा लाखाच्या वर असलेली क्षमता बरीच खाली आली.

आज यातून काय घ्यायचे?

कोल्हापूरला फुटबॉलचे वेड आहे आणि तिथले बरेच संघ तालमींच्या नावाने खेळतात. कुस्तीच्या तालमीतूनच पेठेचा फुटबॉल संघ निघाला. हे सामने ज्या मैदानावर होतात, त्यालाही शाहू महाराजांचेच नाव आहे.

खासबागला मात्र जपण्याची गरज आहे. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला भीषण आग लागली आणि खासबागच्या बाजूच्या मंचालाही झळ पोहोचली. नाट्यगृह पुन्हा उभारण्याचा निर्णय झाला, पण शंभर वर्षांची वास्तू एका रात्रीत कशी जाते, हे सर्वांनी पाहिले.

आपल्या तालुक्यात क्रीडा संकुल किंवा दंगलीचे मैदान होणार असेल, तर तीन गोष्टी विचारायला हरकत नाही. शेवटच्या रांगेतल्या मुलाला बसून दिसेल का? गर्दीचे वजन कशावर पडणार आहे? आणि घाई झाली, तर बाहेर पडायच्या वाटा किती आहेत? पहिल्या दोन प्रश्नांचा विचार खासबागेत 1912 मध्येच झालेला दिसतो. तिसऱ्याकडे दुर्लक्ष झाले, की काय होते ते हिल्सबरो आणि ईडन गार्डन्सने दाखवले आहे.