रक्त घेऊन रणांगणावर गेलेले शल्यवैद्य

अपघातात वा युद्धात देहातील रक्त वेगाने वाहून जाऊ लागले की वैद्यकापुढे एक कठोर पेच उभा राहतो. रुग्णाचा रक्तगट ठरवून दात्याच्या रक्ताशी त्याची पूर्ण जुळवणी करावयास पाऊण ते एक तास लागतो आणि रुग्णापाशी कित्येकदा मोजकी मिनिटेच उरलेली असतात. विजोड रक्त प्राण घेऊ शकते; रक्त मिळालेच नाही तर मृत्यू अटळ. या पेचातून वाट काढणाऱ्यांत कॅनडाचे शल्यवैद्य डॉ. नॉर्मन बेथून यांचे नाव आदराने घ्यावे लागेल. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांनी चीनमध्ये ज्यांचे कार्य पुढे चालविले ते हेच बेथून. परंतु त्यांच्या रक्तसेवेची कथा आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

१८९० साली ओंटारिओ प्रांतातील एका धर्मोपदेशकाच्या घरी त्यांचा जन्म झाला. पहिल्या महायुद्धात जखमींचे स्ट्रेचर वाहताना १९१५ साली ते ईप्र येथे स्वतः जखमी झाले. १९२६ साली क्षयाने गाठले. त्यातून बरे होऊन त्यांनी माँट्रिअल येथे छातीच्या शस्त्रक्रियांत नाव मिळविले. मात्र गरिबांना क्षय पुनःपुन्हा का होतो, या प्रश्नाने त्यांना स्वस्थ बसू दिले नाही. त्याचे उत्तर शोधता शोधता ते साम्यवादाकडे वळले आणि १९३६ च्या अखेरीस यादवीत होरपळणाऱ्या स्पेनमध्ये दाखल झाले.

तेथे त्यांच्या ध्यानी आले, की अनेक जखमी रुग्णालयापर्यंत पोहोचण्यापूर्वीच रक्तस्रावाने दगावतात. तेव्हा जखमीने रक्ताकडे येण्याऐवजी रक्तानेच जखमीकडे का जाऊ नये? कार्ल लांडश्टायनर यांनी १९०१ साली रक्तगटांचा शोध लावलेला होता. सायट्रेट मिसळल्यास रक्त गोठत नाही, हेही ज्ञात होते. बार्सेलोनात डॉ. दुरान इ जोर्दा यांनी बाटलीबंद रक्त आघाडीवर धाडण्यास आधीच आरंभ केला होता. बेथून यांनी माद्रिदमध्ये नागरिकांना रक्तदानाचे आवाहन केले, दात्यांचे रक्त तपासून शीतपेटीत साठविले आणि मोटारीने ते आघाडीकडे नेले. १९३७ च्या फेब्रुवारीत मालागाकडे रक्त नेत असता वाटेत पळून येणाऱ्या हजारो निर्वासितांचा लोंढा दिसला, तेव्हा त्याच मोटारीतून मुले, बाया आणि आजारी माणसे सुरक्षित स्थळी पोहोचविण्याचे काम ते अहोरात्र करीत राहिले.

या पद्धतीतील खरे मर्म समजून घेणे अगत्याचे आहे. ‘ओ’ गटाच्या रक्तपेशींवर ‘ए’ आणि ‘बी’ हे प्रतिजन नसतात. म्हणून जखमीचा गट ठरविण्याची सवड नसेल तेथे हे रक्त देता येते. म्हणजे परीक्षा टळते ती घेणाऱ्याची. देणाऱ्याची परीक्षा आधीच काळजीपूर्वक झालेली असते. ज्याला उतावीळ धाडस समजले जाते ते वस्तुतः पूर्वतयारीचे फळ होय. धोका मात्र शून्य नसतो. ‘ओ’ गटाच्या रक्तद्रवातील प्रतिपिंडे घेणाऱ्याच्या पेशींना बाधू शकतात. आणि ऱ्हीसस घटकाचा उलगडा तर बेथून यांच्या मृत्यूनंतर, १९४० साली झाला. म्हणूनच आज संततिक्षम वयाच्या स्त्रियांना शक्यतो ‘ओ निगेटिव्ह’ रक्त देतात, रक्त चढविण्यापूर्वी रुग्णाचा नमुना काढून ठेवतात आणि गट कळताच त्याच गटाचे रक्त सुरू करतात.

बेथून यांचा स्वभाव तापट होता. सहकाऱ्यांशी खटके उडाले आणि १९३७ सालीच त्यांना स्पेन सोडावे लागले. पुढच्याच वर्षी ते जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनमध्ये पोहोचले. डोंगराळ मुलखात शीतपेटी कोठून आणावी? रक्त देण्यास तेथील माणसे बिचकत. बेथून यांचा स्वतःचा गट ‘ओ’. अठ्ठेचाळीस वर्षांच्या या शल्यवैद्याने सर्वांसमक्ष आपलेच रक्त जखमीस दिले. मग गावकरीही पुढे आले आणि दात्यांची पथके उभी राहिली. १९३९ साली शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेली जखम चिघळून जंतुदोष रक्तात भिनला आणि १२ नोव्हेंबर रोजी त्यांचा अंत झाला. त्यांच्या नावाने उभारलेल्या रुग्णालयाचे प्रमुखपद १९४१ साली कोटणीसांकडे आले; १९४२ साली तेही तेथेच निवर्तले.

बेथून यांच्या राजकीय मतांविषयी दुमत असू शकेल. त्यांनी घालून दिलेल्या धड्याविषयी नसावे. संकटसमयी जुळवणीवाचून दिलेली रक्ताची पिशवी एखाद्याचे प्राण वाचविते, तेव्हा त्याचे श्रेय केवळ डॉक्टरांच्या प्रसंगावधानास नसते. कोणीतरी अनोळखी माणसाने काही दिवसांपूर्वी, कोणतीही घाई नसताना, ते रक्त देऊन ठेवलेले असते. अपघातानंतर होणारी नातेवाइकांची धावपळ या पूर्वदानाची जागा घेऊ शकत नाही. महामार्गांवर रोज माणसे जखमी होत असता शाळा, कचेऱ्या आणि महाविद्यालये यांनी हे ध्यानी घेऊन रक्तपेढीची वाट नियमाने धरणे, हेच बेथून यांचे सार्थ स्मरण ठरेल.