चार पेन्सिल सेल आणि एक इंजिनिअर

जुन्या वस्तूंच्या ऑनलाइन बाजारात अधूनमधून पस्तीस वर्षांपूर्वीचा गेम बॉय दिसतो. पिवळट पडलेलं प्लास्टिक, हिरवट स्क्रीन, मागे चार पेन्सिल सेल. भाव ऐकला की वाटतं, एवढ्यात तर महिन्याची मेस निघेल. मोबाइलवर ढीगभर गेम फुकट असताना या डबड्यात आहे तरी काय? घ्यावं की सोडून द्यावं? हे ठरवायच्या आधी ते बनवणाऱ्या माणसाला भेटूया. नाव गुनपेई योकोई.

जन्म 10 सप्टेंबर 1941, जपानमधलं क्योतो. दोशिशा विद्यापीठातून शिकून योकोई 1965 मध्ये निन्टेन्डोत लागले. तेव्हा ही गेमवाली कंपनी नव्हती. 1889 पासून ती पत्ते बनवत होती आणि योकोईंचं काम होतं पत्त्यांच्या कारखान्यातली मशिनं सांभाळणं. डिग्री इलेक्ट्रॉनिक्सची, नोकरी मेंटेनन्सची! आपल्याकडच्या कितीतरी इंजिनिअरांना ही गोष्ट ओळखीची वाटेल.

रिकाम्या वेळात त्यांनी दाबलं की लांब होणारा, आवळला की वस्तू पकडणारा एक जाळीदार हात बनवला. कारखान्यात आलेल्या अध्यक्ष हिरोशी यामाउचींनी तो पाहिला. आता बोलणी बसणार, असं योकोईंना वाटलं. झालं उलटंच. यामाउचींनी त्याचं खेळणं बनवायला सांगितलं. 1966 मध्ये ‘अल्ट्रा हँड’ बाजारात आला आणि दहा लाखांहून जास्त खपला. मशिनं सांभाळणारा माणूस खेळणी बनवणारा झाला.

पुढचा किस्सा रेल्वेतला. भुसावळ-जळगाव किंवा पाचोरा-जळगाव अपडाऊन करणाऱ्यांना तो लगेच पटेल. बुलेट ट्रेनमध्ये एक कंटाळलेला नोकरदार कॅल्क्युलेटरची बटणं उगाच दाबत बसला होता. योकोईंच्या डोक्यात आलं, खिशात मावणारा, शेजाऱ्याला कळणार नाही असा खेळ का नसावा? त्या काळात शार्प आणि कॅसिओ यांच्यात कॅल्क्युलेटरवरून चुरस लागलेली, त्यामुळे एलसीडी स्क्रीन स्वस्त झाले होते. त्याच स्क्रीनवर 1980 मध्ये ‘गेम अँड वॉच’ आला. जगभरात 4 कोटींहून जास्त नग विकले गेले. यात्रेत मिळणारा तो ब्रिक गेम आठवतो? त्याचा स्क्रीनही याच जातीचा. चित्रं आधीच ठरलेली, फक्त लागतात आणि विझतात.

1982 मध्ये याच मालिकेतल्या ‘डाँकी काँग’साठी त्यांनी अधिक चिन्हाचं बटण आणलं. डावा अंगठा एकाच जागी ठेवून चारही दिशा. आजच्या गेम कंट्रोलरवर डावीकडे असतं तेच हे.

योकोईंचा एक हिशोब पक्का होता. नवंकोरं, महागडं तंत्र घ्यायचं नाही. जे जुनं झालंय, स्वस्त झालंय, ज्याच्या खोड्या सगळ्यांना माहीत आहेत, ते उचलायचं आणि कुणाला सुचलं नाही अशा जागी वापरायचं. 1989 चा गेम बॉय याच हिशोबातून आला. रंग नाहीत, फक्त चार छटा. स्क्रीनच्या मागे लाइटसुद्धा नाही. त्याच वर्षी अटारीचा रंगीत लिंक्स आला, पुढच्या वर्षी सेगाचा गेम गिअर. दोन्ही दिसायला भारी, पण सहा सेल खाऊन काही तासांत मान टाकायचे. गेम बॉय चार सेलवर दहा-पंधरा तास सहज चालायचा आणि स्वस्तही होता. तो आणि त्याचा रंगीत भाऊ मिळून 11 कोटी 80 लाखांहून जास्त खपले.

मग माती खाल्ली. 1995 मध्ये योकोईंचा ‘व्हर्च्युअल बॉय’ आला. डोळ्यांना लावून बघायचं यंत्र, लाल-काळं चित्र, खेळून डोकं दुखायचं. वर्षभरात गाशा गुंडाळला. 1996 मध्ये त्यांनी एकतीस वर्षांची नोकरी सोडली आणि ‘कोतो’ ही स्वतःची कंपनी काढली. तिथे बान्दाईसाठी ते नवा हँडहेल्ड घडवत होते, अवघ्या एका सेलवर चालणारा. 4 ऑक्टोबर 1997 रोजी हायवेवर त्यांच्या गाडीचा किरकोळ अपघात झाला. काय झालं ते बघायला खाली उतरले आणि दुसऱ्या गाडीची धडक बसली. वय 56. ‘वंडरस्वान’ 1999 मध्ये बाजारात आला, पण तो बघायला ते नव्हते. त्यावरच्या एका गेमला त्यांचंच नाव दिलं, ‘गनपे’.

आता आपला प्रश्न. योकोईंच्या हिशोबाने बघितलं तर जुना गेम बॉय घेण्यासारखा आहे, कारण त्यात बिघडण्यासारखं कमी आणि दुरुस्त होण्यासारखं जास्त आहे. पण तपासून घ्या भो! सेलचं झाकण आधी उघडा. स्प्रिंगवर हिरवा-पांढरा थर असेल तर सेल गळलेत. थोडा थर साफ होतो, पण गंज आत सर्किटपर्यंत गेला असेल तर सोडा. स्क्रीनवर उभ्या रेघा गायब असतील तर सोल्डरिंग येणारा कारागीर बऱ्याचदा त्या परत आणतो. काळा डाग असेल तर मात्र स्क्रीन उन्हाने भाजलाय. आपल्याकडच्या 45 अंशांत बंद गाडीत ठेवलेल्या वस्तूचं काय होतं, हे सांगायला नको. बटणं, आवाज आणि कॉन्ट्रास्टची चकती फिरवून बघा. पोकेमॉनसारख्या जुन्या कॅसेटमध्ये गेम सेव्ह करायला एक बटण सेल असतो. तो संपला असेल तर गेम चालेल, पण सेव्ह राहणार नाही. सेल बदलता येतो, तेवढे पैसे भावातून कमी करून घ्या.

फक्त टेट्रिस खेळायचा असेल तर मोबाइल बास आहे. इलेक्ट्रॉनिक्सला असाल, उघडून बघायची खाज असेल, तर याच्यासारखा मास्तर नाही. पण ‘अँटिक पीस आहे’ म्हणून कुणी अव्वाच्या सव्वा भाव लावत असेल तर सरळ उठा. ज्या माणसाने आयुष्यभर वस्तू स्वस्त कशी होईल हेच पाहिलं, त्याचं यंत्र महिन्याची मेस बुडवून घ्यायचं नसतं.