डॉ. आनंदीबाई जोशी : एका रिकाम्या खुर्चीची गोष्ट



आपल्या अंबरनाथहून मुंबईकडे जाणारी लोकल पकडली की तिसरं स्टेशन कल्याण. याच कल्याणमध्ये ३१ मार्च १८६५ रोजी यमुना जोशी नावाची मुलगी जन्मली. नवव्या वर्षी तिचं लग्न पोस्टात नोकरी करणाऱ्या गोपाळरावांशी झालं आणि ती आनंदीबाई झाली. गोपाळराव शिकवण्याच्या बाबतीत फार हट्टी आणि कडक. बदली होईल त्या गावी तिचा अभ्यास चालूच राहिला.

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. तो जेमतेम दहा दिवस जगला. त्या काळी बायका पुरुष डॉक्टरला दाखवायला संकोचत, आणि स्त्री डॉक्टर तर जवळपास नव्हत्याच. आपल्या देशाला स्त्री डॉक्टर हव्यात, हे आनंदीबाईंच्या मनाने घेतलं. १८८३ मध्ये श्रीरामपूरच्या (बंगाल) सभेत त्यांनी हाच विचार मांडला आणि त्याच वर्षी बोटीने अमेरिकेला निघाल्या. न्यू जर्सीच्या कार्पेंटर कुटुंबाने त्यांना मायेने सांभाळलं. थंडी, परका देश, ढासळणारी तब्येत, हे सगळं सोसत ११ मार्च १८८६ रोजी त्या फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. प्रबंधाचा विषय होता हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र.

कोल्हापूर संस्थानाने अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री विभागाची जबाबदारी त्यांना देऊ केली होती. पण १८८६ च्या अखेरीस त्या परतल्या त्या क्षयाने खंगूनच. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. बावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. कोल्हापूरची खुर्ची रिकामीच राहिली.

हा पाठ शिकवताना मुलं हमखास विचारतात, मग त्यांनी किती पेशंट बरे केले? खरं उत्तर द्यावं. इथे त्यांना काम करायला वेळच मिळाला नाही. मुलं क्षणभर गप्प होतात. तिथेच पाठ संपवू नका. पुढे रखमाबाई १८९४ मध्ये लंडनहून डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोट इथे त्यांनी सुमारे ३५ वर्षं बायकांची सेवा केली. एक वाट पाडते, दुसरी त्या वाटेवरून चालते.

मला यातून एवढंच कळतं, की एका हुशार माणसाच्या त्यागावर देशाचं आरोग्य उभं राहत नाही. डॉक्टर, नर्स, एएनएम, आशाताई पुरेशा हव्यात, त्यांचं शिक्षण घराजवळ हवं, त्यांना वेळेवर पगार आणि मानधन मिळायला हवं आणि त्यांच्या स्वतःच्या तब्येतीचीही काळजी घ्यायला हवी. एक माणूस गेला तरी खुर्ची रिकामी राहू नये, यालाच नियोजन म्हणायचं.

उपक्रम : मुलांना आपल्या भागातील आशाताईंना भेटायला सांगा. त्या किती घरं सांभाळतात, हे विचारून वहीत लिहू द्या.